शेपटी पांढरी पडली की…
वाचकांचे प्रश्न: गोड्या पाण्यातल्या कोळंबीचे विषाणूरोग

शेततळी भरली की बीज, म्हणजे लहान पिल्ले, सोडले जाते, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्याकडे पत्रे यायला लागतात. या वेळी बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला. म्हणून अख्खे सदर गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीला दिले आहे. व्यापारात हिला स्कॅम्पी म्हणतात, विदर्भात झिंगा. पत्रे थोडी कापून छापली आहेत.

प्रश्न: आमचे २० बाय २० बाय ३ मीटरचे कागद अंथरलेले शेततळे आहे. पाणी बोअरचे. जुलैत स्कॅम्पीचे ५ हजार बीज सोडले. चौथ्या-पाचव्या दिवशी कडेला काही पिल्ले आडवी पडलेली दिसली, शेपटीकडचा भाग दुधासारखा पांढरा. आठवड्याभरात चेक ट्रेवर (खाद्य तपासायच्या ताटलीवर) पिल्ले यायचीच बंद झाली. दुकानदाराने अँटिबायोटिक दिले, ते खाद्यातून चारले. फरक नाही. काय झाले असावे? (भंडारा जिल्हा)

वर्णनावरून हा ‘पांढरी शेपटी’ रोग वाटतो, व्हाइट टेल डिसीज. खात्री चाचणीनेच होईल, पण खुणा जुळतात. बीज सोडून आठवडा व्हायच्या आत सुरुवात, पिल्ले सुस्तावणे, शेपटीकडून सुरू झालेला पांढरेपणा पुढे सरकणे आणि पहिली खूण दिसल्यापासून साधारण पाच दिवसांत मरतुकीचा कळस. काही पिल्लांच्या शेपटीचे पंखे झिजून गेलेले दिसतात. हॅचरीत, म्हणजे बीज तयार होते तिथे, हा रोग शिरला तर अख्खी टाकी रिकामी होऊ शकते.

याच्या मुळाशी दोन विषाणू एकत्र सापडतात. पहिला एमआरएनव्ही हा नोडाव्हायरस, आकार २६ ते २७ नॅनोमीटर. दुसरा एक्सएसव्ही. ही अक्षरे ‘एक्स्ट्रा स्मॉल व्हायरस’ची, आणि नावाप्रमाणेच तो जेमतेम १५ नॅनोमीटरचा आहे. त्याला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, पहिल्याच्या जिवावर तो वाढतो. एमआरएनव्ही स्नायूंत मुक्काम करतो. निरोगी पिल्लाचा स्नायू काचेसारखा पारदर्शक असतो. तो आतून नासू लागला की प्रकाश आरपार जात नाही आणि भाग पांढरा दिसतो. म्हणजे तुम्ही पाहिलेला पांढरेपणा कवचावरचा नाही, मांसातला आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर हा रोग प्रथम नोंदला गेला. पुढे चीन, भारत, थायलंड, तैवान असा तो पसरला. आपल्याकडे तो आधी आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूतल्या हॅचऱ्यांमध्ये सापडला. त्याच काळात तिकडच्या स्कॅम्पीचा बहर ओसरला. बियाण्याची ढासळलेली प्रत, खुंटलेली वाढ, नंतर आलेली व्हेनामी ही परदेशी कोळंबी अशी त्याची कारणे बरीच आहेत, आणि त्यांत या रोगाचाही वाटा आहे.

तुमच्या पत्रातली कामाची ओळ म्हणजे ‘पाणी बोअरचे’. कागदाचे तळे, बोअरचे पाणी आणि सोडून पाच दिवस झालेले बीज, या तिन्हींत संशय सगळ्यात आधी बिजावर जातो. अंडीवाली मादी दिसायला ठणठणीत असते, पण विषाणू तिच्या अंडाशयातून अंड्यांत आणि तिथून पिल्लांत उतरतो. तामिळनाडूतल्या मेलविशारमच्या सी. अब्दुल हकीम कॉलेजमधल्या संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवले आहे.

अँटिबायोटिक जिवाणूवर चालते, विषाणूवर नाही. पैसे गेले ते गेले. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधे मत्स्यशेतीत बंद आहेत, त्यांचा अंश सापडला की निर्यातीचा माल परत येतो. बाटलीवर घटकांची नावे छापलेली नसतील तर ती बाटली तळ्याकडे नेऊच नका.

आता काय करायचे? बीज सोडल्याच्या पंधराव्या-सोळाव्या दिवशी रात्री टॉर्च घेऊन कडेने फिरा. स्कॅम्पीचे डोळे उजेडात लालसर चमकतात, किती उरली याचा अंदाज येतो. दोन-तीन ठिकाणी बारीक जाळी ओढून पाहा. आजारी पिल्ले सहसा पंधरा दिवसांपुढे तगत नाहीत, पण त्यातून जी वाचतात ती नेहमीसारखी वाढून बाजारात जाऊ शकतात. निम्म्याच्या आसपास उरली असतील तर तळे चालू ठेवा. मात्र दोन बंधने पाळा: या तळ्याचे पाणी ओढ्यात किंवा शेजारच्या तळ्यात सोडायचे नाही, आणि यातली एकही मादी बिजासाठी कोणाला द्यायची नाही. पाच-दहा टक्केच उरली असतील तर चाऱ्याचा खर्चही निघणार नाही. तळे मोडा, निर्जंतुक करा. त्याची रीत पुढे दिली आहे.

आणखी एक. ५ हजार बीज तुमच्या तळ्याला फार झाले. २० बाय २० हे वरच्या काठाचे माप, बाजू उतरत्या असल्यामुळे खाली ते कमी होते. दीड मीटर पाणी असताना पाण्याचा पृष्ठभाग १७ बाय १७, म्हणजे २८९ चौरस मीटर. दर चौरस मीटरला १७ पिल्ले बसली. कोळंबी तळाशी राहते आणि एकमेकींना खाते, विशेषतः कात टाकल्यावर अंग मऊ असताना. चौरस मीटरला ४ ते ५ पुरे, म्हणजे तुमच्याकडे १,२०० ते १,४००.

प्रश्न: पांढरी पडलेली प्रत्येक कोळंबी विषाणूचीच असते का? आमच्या तळ्यात जाळे ओढल्यानंतर दुसऱ्या दिवशी मोठ्या कोळंब्यांच्या पाठी पांढऱ्या दिसल्या, पण दोन दिवसांत बऱ्याच पूर्ववत झाल्या. (सांगली जिल्हा)

नाही, आणि तुमच्या कोळंब्या तर तणावाच्याच बळी. जाळ्यात फार वेळ दाटीने राहिल्या, प्राणवायू उतरला, पाणी तापले, नाहीतर एकदम वेगळ्या तापमानाच्या पाण्यात टाकल्या, की स्नायू पांढरे पडतात. कारण लवकर दूर केले तर रंग परत येतो. पांढरी शेपटी अशी परत फिरत नाही.

वय पाहणे ही सगळ्यात सोपी कसोटी. पांढरी शेपटी मारते ती अळी अवस्थेत, पोस्ट लार्व्हा म्हणजे पीएल अवस्थेत आणि त्यानंतरच्या लहान पिल्लांत. ४० ग्रॅमची कोळंबी पांढरी पडून मेली तर आधी पहाटे पाचला प्राणवायू मोजा. ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असेल तर दोषी तिथेच सापडला. मोठ्या कोळंबीचे मांस कापसासारखे पांढरे, ठिसूळ आणि वाचलेल्यांत तसेच टिकून राहिले तर सूक्ष्म परजीवीचा संशय घ्यावा. तैवानमध्ये लॅक्टोकॉकस नावाच्या जिवाणूनेही मोठ्या स्कॅम्पीचे स्नायू पांढरे पडल्याची नोंद आहे. म्हणजे पांढरा रंग एक, कारणे चार. म्हणूनच नुसत्या फोटोवरून औषध सांगणाऱ्याचे ऐकू नये.

पहाटेचा प्राणवायू बहुतेकांच्या वहीत नसतो, दुपारचा असतो. दुपारी हिरव्या पाण्यात आकडा नेहमीच छान येतो.

प्रश्न: स्कॅम्पी काटक, तिला खाऱ्या कोळंबीचा व्हाइट स्पॉट लागत नाही, असे सगळे सांगतात. मग खाडीकाठच्या टायगर कोळंबीच्या तळ्याशेजारी स्कॅम्पी करायला हरकत नाही ना? (पालघर जिल्हा)

‘लागत नाही’ आणि ‘लागून मरत नाही’ यांत फरक आहे, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

व्हाइट स्पॉटचा विषाणू, म्हणजे डब्ल्यूएसएसव्ही, आपल्याकडे १९९४ च्या सुमाराला आला आणि पूर्व किनाऱ्यावरची टायगरची तळी त्याने धुऊन नेली. टायगरच्या तळ्यात तो पेटला की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळी कोळंबी जाते. तोच विषाणू मोठ्या स्कॅम्पीच्या अंगात गेला तर ती बहुधा जगते, पण तो बाळगत राहते. लहान पिल्ले मात्र त्याला बळी पडू शकतात. उलट बाजूही तशीच: पांढऱ्या शेपटीचा विषाणू टायगर आणि भारतीय पांढऱ्या कोळंबीला प्रयोगात मारू शकला नाही, पण त्यांच्या अंगात टिकला, आणि तिथून स्कॅम्पीच्या पिल्लांना लागला. दोन्ही शेजारी एकमेकांचा रोग स्वतः न मरता सांभाळतात.

असे का होते याचे पूर्ण उत्तर कोणाकडेही नाही, पण ढोबळ चित्र सांगता येते. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. एकदा लागलेला रोग ‘ओळखून’ ठेवणारी पेशींची फौज तिच्याकडे नाही, म्हणून माणसाच्या किंवा कोंबडीच्या अर्थाने लस नाही. तिची भिस्त रक्तातल्या पेशींवर, जखम काळी करून बंद करणाऱ्या विकरांवर आणि विषाणूचा आरएनए कापणाऱ्या यंत्रणेवर असते. ही व्यवस्था वयाबरोबर पक्की होते. पीएलमध्ये ती कच्ची, शिवाय पिल्लू सतत वाढत आणि कात टाकत असते. कात टाकल्यावरच्या काही तासांत कवचही मऊ आणि शक्तीही कमी. वयानुसार चित्र इतके बदलते म्हणून ‘स्कॅम्पी काटक आहे’ हे वाक्य अर्धेच खरे.

सगळेच विषाणू मोठ्या स्कॅम्पीला सोडतात असेही नाही. चीनमधला डीआयव्ही१ हा इरिडोव्हायरस तिला वाढलेल्या वयातही मारतो. डोक्यावरच्या काट्याच्या बुडाशी, कवचाखाली पांढरा त्रिकोणी डाग ही त्याची खूण. हाच विषाणू व्हेनामीलाही लागतो, म्हणून दोघी एका तळ्यात वाढवणे ही तिथे धोक्याची गोष्ट ठरली.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर: शेजारी करा, पण पाणी, जाळी, बूट, पंप आणि मजूर वेगळे ठेवता येणार असतील तरच. दोन्ही तळ्यांत एकच पाग फिरणार असेल तर विचार सोडा. शेजारचा टायगरवाला पाणी सोडतो ती चारी तुमच्या पाणी घेण्याच्या तोंडाच्या वर येते का, हेही आधी पाहा.

प्रश्न: बीज घेताना चांगले-वाईट कसे ओळखायचे? चाचणी करायची तर नमुना कसा द्यायचा? (रायगड जिल्हा)

हॅचरीवाले पिल्ले पांढऱ्या टोपल्यात दाखवतात. त्यात शेपटीचा पांढरेपणा मिसळून जातो. सोबत काळा किंवा गडद निळा ट्रे न्या. दोन बोटे पाणी, त्यात शे-दीडशे पिल्ले, आणि बाजूने टॉर्च. निरोगी पिल्लू काळ्यावर जवळजवळ दिसेनासे होते, फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके आणि पोटातल्या अन्नाची गडद रेघ उठून दिसते. आजारी पिल्लाच्या पाठीमागे सुताएवढी दुधी रेघ दिसते, आधी शेपटीजवळच्या दोन-तीन वळ्यांत. ट्रे हलकेच फिरवा. निरोगी पिल्ले प्रवाहाविरुद्ध पोहतात किंवा तळाला चिकटतात, सुस्त पिल्ले मधोमध गोळा होतात. शंभरात दोन-तीन जरी दुधी दिसली तर ती टाकी सोडून द्या. ‘आमच्याकडे दुसरी टाकी आहे’ असे सांगितले तर तिचेही पाणी आणि जाळी तीच आहे का, ते विचारा.

डोळ्यांनी पाहणे ही पहिली चाळणी. विषाणू असूनही लक्षण नसलेली पिल्ले तिच्यातून सुटतात. खरी चाचणी आरटी-पीसीआरची, कारण हे दोन्ही विषाणू आरएनएचे आहेत. नुसत्या ‘पीसीआर रिपोर्ट’वर समाधान मानू नका. तो व्हाइट स्पॉटचा असू शकतो, आणि त्या विषाणूचा वारसा डीएनएत असल्यामुळे तिथे साधी पीसीआर चालते. रिपोर्टवर एमआरएनव्ही आणि एक्सएसव्ही ही दोन्ही नावे आणि टाकीचा क्रमांक हवा.

किती पिल्ले द्यायची? टाकीत ५ टक्के पिल्ले बाधित असतील आणि ९५ टक्के खात्रीने त्यांतले एखादे तरी नमुन्यात यायला हवे, तर ६० पिल्ले पुरतात. २ टक्के बाधा पकडायची असेल तर १५०. ती टाकीच्या एकाच कोपऱ्यातून उचलू नका. चार बाजू आणि मध्य, शिवाय सुस्त पिल्ले मुद्दाम निवडून. एकत्र करून चाचणीला देता येतात, खर्च वाचतो.

पिल्ले अख्खी द्यायची. मोठ्या कोळंबीचा किंवा मादीचा नमुना असेल तर पोटाखालचे पोहण्याचे पाय कापून घ्या, ती मरत नाही. यकृत आणि डोळ्यांचे देठ या चाचणीला योग्य नाहीत. प्रयोगशाळेत ते काढले जात असतील तर नम्रपणे आठवण करून द्या.

साठवण महत्त्वाची, कारण आरएनए लवकर नासतो. जिवंत पिल्ले पाण्याने धुऊन ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका, एक भाग पिल्लांना दहा भाग अल्कोहोल. बाटली गच्च भरलेली नसावी. झाकणाला टेप, बाहेर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आणि एक चिठ्ठी आतही, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. बर्फाच्या डब्यातून पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला नमुना या चाचणीला निकामी होतो. मेलेली, लालसर झालेली पिल्ले कधीच पाठवू नका.

चाचणी कुठे होते हे आधी फोनवर विचारा: रत्नागिरीजवळचे शिरगाव, नागपूर आणि उदगीर येथील मत्स्य महाविद्यालये, मुंबईतली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. ‘स्कॅम्पीचा एमआरएनव्ही आरटी-पीसीआर करता का, नमुना कशात हवा’ एवढे विचारले की पुढच्या चुका टळतात.

प्रश्न: रोगट तळे निर्जंतुक करून पुन्हा बीज सोडायचे आहे. ब्लीचिंग किती टाकू? (भंडारा, पहिल्या पत्राचेच लेखक)

हिशेब करा, अंदाज नको. १ पीपीएम म्हणजे दर घनमीटर पाण्याला १ ग्रॅम. तुमच्या तळ्याचे माप वरून २० बाय २० असले तरी उतार १:१ असल्यामुळे तळ १४ बाय १४ भरतो. काठोकाठ पाणी ८७६ घनमीटर, पण दीड मीटर पाणी फक्त ३६० घनमीटरच्या आसपास. बरेच जण २० गुणिले २० गुणिले दीड करून ६०० काढतात आणि दीडपटीहून जास्त ओततात.

रोगट पाण्याला ३० पीपीएम क्लोरीन धरू. ३६० गुणिले ३० म्हणजे १०.८ किलो क्लोरीन. ब्लीचिंगमध्ये ३० टक्के क्लोरीन असेल तर ३६ किलो पावडर. पोते उघडून महिना झाला असेल, पावडर ओलसर आणि वास मंद असेल, तर त्यात ३० टक्के उरलेलेच नसतात. नवे पोते घ्या. मासे तळ्यात असतील तर ते आधी काढा, एवढ्या क्लोरीनमध्ये ते वाचणार नाहीत.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत पाणी घालून कालवा. हातमोजे, चष्मा, आणि वारा पाठीमागून. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर टाका, कारण ऊन क्लोरीन उडवून लावते. एका कडेने नव्हे, सगळ्या तळ्यावर शिंपडा. चुना त्याच दिवशी टाकू नका: चुन्याने पाण्याचा सामू चढतो आणि चढलेल्या सामूत क्लोरीनचा जोर ओसरतो. आधी ब्लीचिंग, दोन-तीन दिवसांनी चुना. निदान दोन दिवस पाणी तसेच ठेवा, मग क्लोरीनच्या किटने उरलेला अंश पाहा. शून्य झाल्याशिवाय ते पाणी कुठेही सोडायचे नाही. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरलेल्या दर १ ग्रॅम क्लोरीनला ७ ग्रॅम या हिशेबाने. तुमच्याकडे १ पीपीएम उरले असेल तर ते अडीच किलो होते.

पाणी काढल्यावर कागद ब्रशने घासा. घड्यांत आणि कोपऱ्यात शेवाळ आणि खाद्याचा लगदा बसलेला असतो, कागदाच्या तळ्यात रोगाचे घर तेच. आठवडाभर कडक ऊन लागू द्या. मातीचे तळे असेल तर तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा आणि हेक्टरी सुमारे १,००० किलो कळीचा चुना पसरा. जिथे डबकी उरतात तिथे जास्त.

जाळी, बादल्या, चेक ट्रे २०० पीपीएमच्या पाण्यात तासभर बुडवा: १०० लिटरला साधारण ७० ग्रॅम पावडर. मग धुऊन उन्हात. मेलेली पिल्ले पुरायची तर पाण्याच्या उगमापासून लांब खड्ड्यात, वर चुना. कोंबड्यांना किंवा कुत्र्याला घालू नका.

नवे पाणी भरताना पाईपच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधा. पाणभुंगे आणि चतुरांच्या अळ्या या विषाणूचे वाहक आढळले आहेत. ओढ्यातल्या छोट्या जंगली कोळंब्यांवरही तोच संशय घ्या. बोअरच्या पाण्यात ही भीती कमी, पण तळे भरून महिनाभर मोकळे ठेवले तर किडे उडत येतातच.

प्रश्न: अशी कोळंबी खाल्ली तर माणसाला काही होते का? (पुणे)

नाही. हे विषाणू माणसाला लागत नाहीत. मेलेली, वास येणारी कोळंबी खाऊ नये, ती कुठल्याही रोगाशिवायही.

प्रश्न: कटला-रोहूसोबत स्कॅम्पी आहे. माशांनाही हा रोग होईल का? (चंद्रपूर जिल्हा)

माशांना पांढऱ्या शेपटीचा हा रोग होत नाही. मिश्र तळ्यात हेक्टरी ५ ते १० हजारांपर्यंतच स्कॅम्पी ठेवा, आणि मृगळ किंवा सायप्रिनस हे तळाचे मासे टाळा. ते तिचे खाद्य ओरबाडतात.

प्रश्न: ‘एसपीएफ’ बीज मागवले तर रोग येणारच नाही ना? आणि भुवनेश्वरच्या सुधारित स्कॅम्पीत रोगप्रतिकारशक्ती आहे का? (नाशिक जिल्हा)

एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगजंतू नसल्याचे तपासलेले. ते बीज रोगाला दाद देत नाही असा त्याचा अर्थ नाही. स्वच्छ ताटात स्वच्छ जेवण वाढले, पण ताट नंतर उघड्यावर ठेवले तर माश्या बसणारच. रोगाला तोंड देऊ शकणारे बीज हा वेगळा प्रकार, आणि या विषाणूसाठी तसे बियाणे बाजारात नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने (सीफा) निवड पद्धतीने पैदास केलेली स्कॅम्पी मुख्यतः वाढीसाठी निवडलेली आहे. जलद वाढीमुळे तळ्यात कमी दिवस राहते हा फायदा खरा, पण पीएलचा रिपोर्ट तिच्यासाठीही मागायचाच. व्हेनामीचा एसपीएफ मादी-नर साठा परदेशातून येऊन चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून निघतो. स्कॅम्पीच्या गावोगावच्या बिजामागे तशी साखळी नसते, म्हणून तुमचा ट्रे आणि बाटली इथे जास्त महत्त्वाची.

प्रश्न: सहा महिने झाले, निम्मी कोळंबी २० ग्रॅमवरच अडकली आहे आणि काही १०० ग्रॅम. हा पण व्हायरस का? (कोल्हापूर जिल्हा)

बहुधा नाही. स्कॅम्पीत नर तीन प्रकारचे होतात: लांब निळ्या नांगीचे धिप्पाड, नारिंगी नांगीचे वेगाने वाढणारे आणि बुटके. निळ्या नांगीवाला तळाचा दादा असतो. त्याच्या आसपासचे बुटके वाढत नाहीत. त्याला काढला की दुसरा नारिंगीवाला निळ्यात जातो. चौथ्या महिन्यापासून मोठ्या मापाच्या जाळीने असे दादा काढून विकत राहा, मागचे वाढतात.

सगळी एकसारखी बारीक, कवच कडक, आणि लहान वयातच माद्यांच्या पोटाखाली अंडी, असे असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चीनमध्ये असा लवकर वयात आणणारा विषाणू सापडला आहे, तिथले शेतकरी अशा मालाला ‘लोखंडी कोळंबी’ म्हणतात. मरत नाही, वाढत नाही. आधी विदर्भातल्या किंवा घाटावरच्या हिवाळ्याचाही विचार करा. पाणी २२ अंशांच्या खाली गेले की स्कॅम्पी खाणे कमी करते. जूनच्या अखेरीस किंवा जुलैत बीज सोडून डिसेंबर-जानेवारीत काढणी, हाच हिशेब बरा.

प्रश्न: आमची छोटी हॅचरी आहे. पांढरी शेपटी दोनदा येऊन गेली. माद्यांना औषधी आंघोळ घालतो, तरी येते. (रत्नागिरी जिल्हा)

१५ ते २० पीपीएम फॉर्मॅलिनमध्ये अर्धा तास ठेवल्याने बाहेरचे परजीवी आणि मळ जातो. अंड्याच्या आत असलेला विषाणू आंघोळीने निघत नाही. म्हणून क्रम बदला. माद्या एकत्र मोठ्या टाकीत न ठेवता एकेक किंवा दोन-दोन वेगळ्या टबात ठेवा, प्रत्येकीचे पोहण्याचे पाय आरटी-पीसीआरला द्या. अंडी नारिंगीहून राखाडी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, तेवढ्यात रिपोर्ट यायला हवा. पॉझिटिव्ह मादीची अळी वाढवायची नाही, कितीही मोठी मादी असली तरी. इथेच हात आखडतो, आणि तिथेच पुढची टाकी जाते.

रोग शिरण्याची दुसरी वाट आर्टेमियाची, म्हणजे अळ्यांना खाऊ घालतात त्या बारीक जिवांची. प्रयोगात आर्टेमियाच्या सगळ्या अवस्थांनी हा विषाणू अंगात घेतला, स्वतः मेल्या नाहीत आणि स्कॅम्पीच्या पिल्लांपर्यंत पोचवला. उबवण्याची टाकी अळ्यांच्या टाक्यांपासून वेगळ्या खोलीत, तिचे पाणी क्लोरीन मारून घेतलेले, आणि आर्टेमिया खाऊ घालण्याआधी स्वच्छ पाण्याने नीट धुतलेला. अळ्यांच्या टाकीतली गाळणी आर्टेमियाच्या टाकीत कधीच बुडवायची नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे टाक्यांचा क्रम. अळीपासून पीएल व्हायला १२ पीपीटी (लिटरला साधारण १२ ग्रॅम मीठ) खारट पाण्यात साधारण ३० ते ३५ दिवस लागतात. एकीत पांढरी शेपटी दिसली तर त्या टाकीत शेवटी हात घाला, तिचे पाणी क्लोरीन मारल्याशिवाय गटारात सोडू नका आणि उरलेली पिल्ले ‘स्वस्तात’ विकू नका. दोन बॅचच्या मध्ये अख्खी हॅचरी कोरडी करून आठवडाभर बंद ठेवा. एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या सहा टाक्या चालू असताना हे जमत नाही, म्हणून वर्षातून एकदा सगळ्या टाक्या एकाच दिवशी रिकाम्या होतील असा माद्या आणण्याचा तक्ता बसवा.